सारजाचं शिक्षण

लीलाबाई शिक्षकांची बी.टी. पदवी करायला पुण्याला निघाल्या, त्या सकाळी पौडच्या एस.टी. थांब्यावर रंभाबाई आली. ती त्यांच्या हायस्कुलात पाणी भरायची. सोबत तिची नऊ वर्षांची सारजा. सारजा बोलत नसे, कुणाकडे बघत नसे. दिवसभर पुढंमागं झुलायची. कुणी हात लावला की स्वतःचंच मनगट चावायची.

"बाई, तितं शिकवायचं कसं ते शिकवत्यात न्हवं?" रंभाबाई म्हणाली. "मग माज्या सारजीला कसं शिकवायचं, तेवढं शिकून या."

"येईन," लीलाबाई म्हणून गेल्या.

ते साल १९६२. वर्ष पाठांची टाचणं काढण्यात सरलं. मानसशास्त्राच्या पुस्तकात मंदबुद्धी मुलांवर दीड पान होतं. त्यात बुद्ध्यंकाचा तक्ता, आणि तळाच्या रांगेपुढे दोन शब्द : 'शिक्षणास अपात्र'. तास संपल्यावर लीलाबाईंनी प्राध्यापकांना गाठलं. ते भले गृहस्थ. सारजाची हकीकत त्यांनी मन लावून ऐकली.

"याचं प्रशिक्षण विलायतेत देतात म्हणे," ते म्हणाले. "आम्हालाच कुणी शिकवलं नाही, तुम्हाला काय शिकवू?"

"तिच्या आईला काय सांगू, सर?"

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "हे पान परीक्षेला येत नाही," एवढंच म्हणाले.

लीलाबाई पहिल्या वर्गात पास झाल्या. जूनमध्ये शाळा उघडली, तशी रंभाबाई सारजाची वेणीफणी करून तिला घेऊन हजर. लीलाबाईंच्या तोंडून 'नाही' निघेना. रोज मधल्या सुट्टीत त्या तिला घेऊन बसू लागल्या. चित्रं दाखवली, चिंचोके मांडले, गाणी म्हटली. सारजा भिंतीकडे तोंड करून झुलत राही. एके दिवशी त्यांनी तिचा हात धरून पाटीवर रेघ ओढवली. सारजा किंचाळली, मनगट रक्त येईतो चावलं. सगळी शाळा गोळा झाली. हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून तिला आवारात आणायची मनाई केली.

लीलाबाईंनी मुंबईतल्या मंदबुद्धी मुलांच्या एका संस्थेला पत्र घातलं. उत्तर यायला दोन महिने लागले. ते घेऊन त्या रविवारी रंभाबाईच्या खोपटात गेल्या. सारजाला लुगड्याच्या धडप्यानं मेढीच्या खांबाला बांधलं होतं.

"न बोलणाऱ्या मुलांना ते घेत नाहीत," त्यांनी सांगितलं.

"मग आशी पोरं कोन घेतं?"

लीलाबाईंनी पत्राची घडी घातली. रंभाबाईनं धुण्याची पाटी उचलली. "मी नदीवर जाऊन येतीया. बसा तिच्यापाशी."

ती गेल्यावर लीलाबाईंनी धडप्याची गाठ सोडली. सारजा उठली ती थेट सडकेकडे धावत सुटली. समोरून ट्रक येत होता. लीलाबाईंनी तिला कशीबशी कवेत पकडली, ओरबाडे सोसत ओढत परत आणली.

मग त्यांनी स्वतःच्या हातांनी ती गाठ पुन्हा बांधली. सुटू नये म्हणून दोनदा.