दंडावरची गोधडी

सुईमागून दोरा ओढला जाताना जो आवाज होतो, तो मला आधी ऐकू आला आणि मग बायजामावशी दिसली. माघातली दुपार होती. बिंदुसरेच्या धरणावरून निघालेला वारा पालीतल्या त्या अंगणात पोचेपर्यंत कोमट झाला होता, भिंतीच्या सावलीत एक कोंबडी मातीत अंग रुतवून बसली होती, आणि त्या निवांतपणातून तो आवाज संथपणे, ठरावीक अंतराने येत होता. जुन्या लुगड्यांच्या चार पदरांतून दोरा सरकल्याचा, लांबलेला, किंचित खरखरीत. दर टाक्याला तिचा उजवा हात खांद्यापासून पार बाजूला जाई, क्षणभर तिथेच रेंगाळे आणि मग परत येई. डोळे अर्धे मिटलेले असत. बायजा झोपेत शिवते असं शेजारी म्हणत, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं.

मी बीडमध्ये एका माडीवर गोंदण्याचं दुकान चालवते. टॅटू म्हटलं की लोक लवकर माडी चढतात, म्हणून पाटीवर तसं लिहिलंय. महादेवाचा त्रिशूळ, आईबाबा, लाडक्या माणसाचं नाव, आणि दोनेक वर्षांनी तेच नाव झाकायला त्यावर पसरायचा गरुड. हात दिवसभर चालतो आणि मन गावभर हिंडतं. त्या दुपारी धरणावरून परतताना स्कूटर पंक्चर झाली, सावली दिसली म्हणून मी त्या अंगणात शिरले, आणि रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तशी तिच्या गोधडीवरचे टाके मोजत बसले. तिने मला पाणी दिलं आणि पुन्हा सुई हातात घेतली. कोण, कुठली, हे विचारायला तिला तासभर लागला.

टाके मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की ते सारखे नाहीत. काही ठिकाणी ते लांब लांब होते, काही ठिकाणी तांदळाच्या कणीएवढे, आणि या लहानमोठेपणाला एक लय होती. नंतरच्या कित्येक रविवारी मी पालीला गेले तेव्हा ती लय मला हळूहळू उमगली. बायजामावशीचं घर मेंढपाळांचं. लग्नापासून तीस वर्षं ती नवऱ्यासोबत मेंढरांमागे चालली होती. धरणाचा काठ, डोंगराची सोंड, पार वडवणीच्या अंगाचे माळ. नवरा गेला, मेंढरं विकली गेली, तिचे पाय थांबले आणि हात चालू लागला. गोधडीवर ती काही आखत नसे. कळप ज्या रस्त्याने हिंडला तो रस्ता ती शिवत जाई. उन्हाळ्यात कोरड्या माळावरून मेंढरं भरभर पुढे सरतात, तिथे टाका लांब. श्रावणात प्रत्येक काडीपाशी अडखळतात, तिथे तो बारीक. सुईत दोरा ओवताना ती ओठांतल्या ओठांत शीळ घाली, मेंढरं वळवायची तीच. बायकांनी शीळ घालू नये असं सांगणारे गावात पुष्कळ होते, पण तिला सांगायला जाण्याची छाती कुणाची नव्हती.

कडेपासून सुरू झालेले फेरे आत आत वळत गोधडीच्या पोटाशी येत, आणि प्रत्येक फेऱ्यात चार बोटं जागा कोरी असे. दोरा संपला असेल, उठून चुलीकडे गेली असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं. पण प्रत्येक गोधडीत, प्रत्येक फेऱ्यात ती जागा होती. ही जागा कोरी का सोडतेस, असं शेवटी मी विचारलं.

"कावून म्हंजी? दार नगं का ठिवाया?" ती म्हणाली. "चुकलेलं जनावर अंधार पडल्यावर येतं. दार बुजलेलं दिसलं की माघारी फिरतं. मग ते आपलं ऱ्हात न्हाई."

हे बोलताना तिचा हात थांबला नव्हता. तिचा थोरला मुलगा आठ वर्षांपूर्वी ट्रकवर गेला तो परतला नाही, कुणी म्हणे हैदराबादेकडे दिसला, कुणी म्हणे नाही, हे मला तिच्याकडून कधीच कळलं नाही. ते मला तिच्या मुलीने, सुमनने, एकदा भांडी घासताना सांगितलं.

त्या टाक्यांनी मला झपाटलं, दुसरा शब्द नाही. मी दुकानात रिकाम्या वेळी जाड कागदावर, भोपळ्याच्या सालीवर, शेवटी स्वतःच्या पोटरीवर ते उतरवून पाहिले. गोंदणाची रेघ सहसा सलग वाहते. इथे सुईने कातडीवर टेकायचं, तांदळाएवढं चालायचं, उठायचं, तेवढीच जागा सोडायची आणि पुन्हा टेकायचं. टाक्याच्या दोन्ही टोकांना पुसट सावली दिली की कातडी कापडासारखी किंचित चुणलेली दिसे. मी पोटरी मावशीला दाखवली. तिने अंगठ्याने चाचपून पाहिली, आपल्या हातांवरचं लहानपणी गोंदलेलं हिरवं तुळशीवृंदावन आणि फिकटलेला विंचू माझ्या पोटरीशेजारी धरला आणि खूप वेळ हसत राहिली. घे की, माझ्या बापाचं काय जातंय, असं म्हणाली. परवानगी म्हणतात ती एवढीच.

सुमन नर्सिंग शिकली होती आणि त्या वैशाखात तिला पुण्यातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. घरात आनंद झाला, पेढे वाटले गेले, आणि मावशीच्या शिवणाची लय बिघडली. दोरा तुटू लागला. या घरातून जो बाहेर पडला तो परत आला नाही, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि पुणं किती जवळ आहे, दिवसाला किती गाड्या आहेत, हे तिला कुणीही समजावून उपयोग नव्हता. आईचे टाके दंडावर घेऊन जायचं हे सुमनच्याच मनात आलं. मावशीने एकच अट घातली की दारं सोडायची. मी मान डोलावली. हे काय सांगायला हवं, असंही मला वाटलं असेल.

त्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, गोधडी काखेत मारून बीडला आली आणि माझ्या दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसली. दंडाभोवती तीन फेरे घालायचे ठरले होते. मी कातडीवर आधी नक्षीचा छाप काढला नाही. ती आखत नाही तर मीही आखणार नाही, अशी माझी ऐट. खिडकीच्या हिरव्या काचेतून आलेला उजेड सुमनच्या हातावर पाण्यासारखा हलत होता, मशीनची गुणगुण खोलीभर पसरली होती, आणि मावशीचे डोळे पहिल्या फेऱ्यातच मिटले. पहिल्या फेऱ्याचं दार मी नीट सोडलं. दुसऱ्या फेऱ्यात मात्र मला त्या गुणगुणीआडून दोऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मी दुकानात आहे की तिच्या अंगणात हे कळेना, मावशीच्या मांडीवरच्या गोधडीतले माळ आणि हाताखालची कातडी एकच झाली, आणि कधी नव्हे ते माझं मन हाताबरोबर चालत होतं. इतकं सुख मला या धंद्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. शाई पुसली तेव्हा दुसरा फेरा पुरा झालेला होता, दारासकट.

आमच्या धंद्यात रेघ कुठे सुटली तर गिऱ्हाईक परत येऊन भांडतं. दहा वर्षं मी सुटलेल्या रेघा जोडत आले होते, आणि मन मोकळं होताच हाताने आपलं रोजचं काम केलं होतं. तीनच टाके, पण त्यांनी दार बुजलं होतं.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुमन मोबाइलमध्ये होती, मावशी झोपेत. चूक झाकायचं कसब माझ्याइतकं बीडमध्ये कुणाकडे नसेल. पण गोधडी तिथेच उघडी पडली होती आणि मला तिच्याकडे बघवेना. मी मावशीला हलवून उठवलं आणि सांगितलं. सुमन हसली, मी काय मेंढरू हाय का, म्हणाली. मेंढरं बरी, शीळ घातली की वळत्यात, एवढं उत्तर मावशीने दिलं, पण तिचा चेहरा पार उतरला होता. तिने त्या तीन टाक्यांवरून अंगठा फिरवला, आधी हलकेच, मग जरा जोर लावून.

"ह्ये उसवता येतं का?"

मी नाही म्हणाले. कापडावर चुकलेली वीतभर शिवण तिने माझ्यादेखत कितीदा उसवली होती, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत, अजिबात न चिडता. न उसवणारी चूक तिच्या हाताला माहीत नव्हती. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते, आणि मावशी मात्र कुठल्याशा माळावर उभी राहून उजेड किती उरलाय ते पाहत असावी, तशी दिसत होती. मग तिने माझा हात धरला आणि मशीन खाली ठेवायला लावलं.

"तिसरा फेरा आज घालू नगंस. आतलं दार बुजलं तर भायेरचं उघडं ठिवावं. ती गावाला आली की चार टाके घाल, फकस्त चार. सगळं आजच पुरं केलंस तर तिला यायाला काय ऱ्हाईल?"

असा तो करार झाला आणि सुमन पुण्याला गेली. तिसऱ्या फेऱ्याचा पहिला टाका कुठे पडेल तेवढा एक ठिपका मी तिच्या दंडावर ठेवला होता. पुढचे दोन महिने मी पालीकडे फिरकले नाही, लाज वाटत होती. नागपंचमीला सुमन आली ती स्टँडवरून थेट माझ्या माडीवर, बॅग खांद्यालाच, आणि तिने बाही वर केली. मी चार टाके घातले. संध्याकाळी मला मावशीचं बोलावणं आलं. सुमनचा दंड मांडीवर घेऊन ती ते चार टाके पुन्हा पुन्हा पाहत होती आणि तिच्या ओठांत शीळ होती.

दिवाळीला चार, संक्रांतीला चार, एकदा तर कुणाच्या लग्नाचं निमित्त काढून चार. कातडीची सूज उतरली की टाके मूळ रंगावर येत, आणि दर खेपेचे टाके मागच्यांपेक्षा किंचित निराळे दिसत. कधी माझा हात घाईत असे, कधी सुमन दमलेली असे आणि तिची कातडी शाई नीट धरत नसे. मावशीला ते बरोबर कळे. या खेपेला पोरगी जेवत न्हाई, असं ती नुसता दंड चाचपून सांगे, आणि सुमन माझ्याकडे चोरून बघे. मावशीचं शिवणं या काळात कमी कमी होत गेलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनला ती तयार नव्हती. सुई हातात नसतानाही तिचा उजवा हात अधूनमधून बाजूला जाई, क्षणभर रेंगाळे आणि परत येई.

ती चैत्रात गेली. भर दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या मान कलली, एवढंच. सुमन पोचली तेव्हा उशीर झाला होता, आणि ती रडण्याआधी सगळ्यांशी फार शहाण्यासारखी बोलत राहिली. बाया मावशीच्या हातांवरची तुळस पाहून म्हणत होत्या की दागिने इथेच राहतात, सोबत जातं ते गोंदण. लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा अपुरं वाटलं.

चौदाव्या दिवशी सुमन माझ्याकडे आली. पालीच्या घराला कुलूप लावून, किल्ली चुलत्याकडे देऊन आली होती. बाही वर करून ती खुर्चीत बसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, आज सगळं पुरं करा. आता कोन बसलंय वाट बघत."

तिसऱ्या फेऱ्यात अजून पंधराएक टाक्यांची जागा होती. मी मशीन घेतलं. चार टाके घातले, श्रावणातले, बारीक. मग मशीन बंद केलं आणि म्हणाले की काळी शाई संपली, पुढच्या खेपेला घालू. भरलेली बाटली आम्हा दोघींच्या मध्ये टेबलावर उभी होती. सुमनने ती पाहिली. तिने बाही खाली ओढली, डोळे पुसले आणि विचारलं की पंचमीला दुकान उघडं असतं ना. मी असतं म्हणाले.

ती जिना उतरून गेल्यावर मी पुष्कळ वेळ तशीच बसून राहिले. गेलेल्या माणसाचा आवाज आधी पुसट होतो, मग चेहरा. काळ त्याचं एकेक उसवत नेतो, अजिबात न चिडता. पण कुणीतरी आपल्यासाठी दुपारभर दाराकडे कान लावून बसत होतं, एवढं त्याला उसवता येत नाही, ते आपल्या अंगावर राहतं.