इंजिन चालू ठेवूनच

"इंजिन बंद करू नका हो!" मिस्त्री ओरडले. "दुकानात काय, पत्र्याचा डबाही गोड वाजतो."

मालकीणबाईंनी हसत प्रवासी बोटीचं इंजिन पुन्हा चालू केलं. बोटींवर स्पीकर बसवणाऱ्या मिस्त्रींचा हा हट्ट साऱ्या धक्क्याला पाठ होता. स्पीकर निवडायचे ते बोटीवरच, दोन जोड्या सुतळीने छताला टांगून, घरघरीत ऐकून. धक्क्यावर त्यांना 'कानसेन' म्हणत, आणि वरवर नको नको म्हणत ते मनातून सुखावत.

ॲम्प्लिफायर त्यांनी लहानच काढला. मोठा बॅटरी खाऊन टाकतो, मग परतीला इंजिनच सुरू होत नाही. त्यावर आधी एक जोडी वाजवली, मग दुसरी.

"पहिली दबकी आहे. दुसरी घ्या. शब्द न् शब्द सुटा येतो."

मालकीणबाईंनी तोंड वाकडं केलं. "राग मानू नका, पण ही कानाला टोचतेय. आमच्या थोरल्या बोटीवर तुम्ही बसवलेलीही अशीच टोचत होती. दुसऱ्या दिवशी तुमची लेक येऊन बारीक, चिरक्या आवाजाचं बटण कमी करून गेली, तेव्हा कुठे बरं झालं. म्हणाली, बाबांनीच पाठवलंय."

मिस्त्रींनी लेकीला कधीच पाठवलं नव्हतं. ती मागे बसून वायर सोलत होती. तिचे हात थांबले.

"आणखी कुठे कुठे गेलीस?"

"बाबा, राहू द्या ना."

"कुठे कुठे?"

"सगळीकडेच."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारीक, चिरका आवाज त्यांच्या कानात शिरतच नव्हता. म्हणून जगाला टोचेल तेच त्यांना स्वच्छ वाटत होतं. आणि पोरगी मागून गुपचूप निस्तरत होती.

"मला सांगायचं नाही होय गं?"

"सांगितलं असतं तर घरीच बसला असता तुम्ही."

खोटं नव्हतं ते. रागवायचं कोणावर, तेच मिस्त्रींना कळेना. मग ते लेकीजवळ गेले, तिच्या हातातली वायर काढून घेतली आणि स्वतः नेहमी उभे राहत त्या जागी तिला उभं केलं.

"ऐक आता नीट. घाई करू नकोस."

ते ॲम्प्लिफायरपाशी उकिडवे बसले. पहिली जोडी लावली, दुसरी लावली, आणि दोन्ही वेळा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"पहिली," ती चाचरत म्हणाली.

मिस्त्रींनी मालकीणबाईंकडे वळून सांगितलं, "पहिली बसवतो. तिने निवडलीय."