खरखरीत दोरी

"ओढ," सिग्ने म्हणाली. "हळू. मासा आमिष चाखून बघतो ना, तसं."

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला दुकानदार वेस्लीने दोरीला बारीकसा हिसका दिला. सिग्ने डोळे मिटून गल्ल्यापाशी उभी होती. उजव्या हातात लोकरीचा जाड मोजा, त्यावर रबरी मोजा, आणि त्या हातात गळकाठी.

"काही कळलं नाही. दुसरी लाव."

"वहिनी, आठ पदरांचीच घ्या. रेशमासारखी आहे, काठीच्या कड्यांतून जाताना आवाजसुद्धा नाही. किंग सॅमन मासा धरायला आपलं अख्खं पीटर्सबर्ग गाव हीच नेतं."

"अख्ख्या पीटर्सबर्गचं मला सांगू नकोस. चार पदरांची लाव."

वेस्ली तरुणपणी तिच्या नवऱ्याच्या, एल्डनच्या बोटीवर खलाशी होता. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तो तेव्हाच शिकला होता. त्याने चार पदरी विणीची दोरी कड्यांतून ओवली आणि मागे जाऊन हिसका दिला. दोरी खरखरीत होती. कड्यांवर ती कुरकुरली, आणि ती कुरकुर दोन्ही मोजे भेदून सिग्नेच्या तळव्यात उतरली.

"हीच."

वेस्लीने तिच्या हातातल्या मोज्यांकडे पाहिलं. मग त्याला उमगलं, आणि तो एकदम कामाला लागला. "रिळावर आधी थोडा नायलॉन गुंडाळून देतो, नाहीतर ही नुसती घसरत राहील."

"टोकालाही नायलॉन बांध, चांगला लांब. ही जराही ताणली जात नाही. किंगने मुसंडी मारली, तर गळ त्याचा जबडा फाडून बाहेर येईल."

अलास्काच्या या किनाऱ्यावर एल्डनने उभा जन्म सॅमन धरण्यात काढला होता. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, उजव्या हाताची पकडही परत आली. पण त्या हाताला स्पर्श म्हणून उरला नाही. छोट्या होडीत डावा हात इंजिनाच्या दांड्यावर लागायचा, म्हणून काठी उजव्यात. नायलॉनची दोरी आधीच रबरासारखी ताणणारी. मासा आला तरी त्याला पत्ता नसायचा. सिग्नेच काठीच्या शेंड्यावर नजर ठेवून ओरडायची, "आला!"

परवा तो जेवता जेवता म्हणाला होता, "होडी विकून टाकू. मासे तू धरतेस. मी आपला काठी रोवायचा खुंटा."

 म्हणून सिग्ने आज दुकानात आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी समुद्रात संथ चालली होती. मागे, खोल पाण्यात, हेरिंगचं आमिष ओढलं जात होतं.

"ही कसली सुतळी आणलीस?" एल्डन म्हणाला. "पोती बांधायची आहेत का?"

"वेस्लीकडे हीच उरली होती."

"वेस्लीला मेल्याला कुठल्याच कामाची अक्कल नव्हती."

सिग्नेने थर्मासमधली कॉफी ओतली. तेवढ्यात शेंडा लवला. जरासा, पुन्हा जरासा. 'आला' तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि तोंड फिरवून पलीकडच्या बर्फाच्या डोंगरांकडे पाहत राहिली. मासा निसटला असता, तर हा माणूस पुन्हा पाण्यावर आला नसता. तरी ती शेंड्याकडे वळली नाही. 

"सिग्ने!" त्याचा आवाज चिरकला. "अगं, ठोकतोय! हातात... माझ्या हातात ठोकतोय!"

"मग बघतोस काय? धर ना त्याला!"

त्याने इंजिन बंद केलं आणि डावा हात रिळावर नेला. किंगने तळाकडे सूर मारला, दोरी किंचाळत सुटली. रिळाचा ब्रेक सैल कर म्हणायला तिने तोंड उघडलं. त्याने तो आधीच सैल केला होता. पळायचं तेव्हा पळू दिलं, थकला की गुंडाळलं. उजवा हात खांद्यापासून थरथरू लागला. सिग्ने पुढे सरसावली.

"हात लावशील तर पाण्यात टाकीन!"

"कोणाला?"

"स्वतःला!"

ती हसत मागे बसली आणि तिने फक्त जाळं तयार ठेवलं. बऱ्याच वेळाने चांदीसारखी पाठ वर आली, तेव्हा मासा आणि एल्डन दोघंही धापा टाकत होते. मासा होडीत आला. एल्डन आपल्या उजव्या तळव्याकडे बघत बसला, जणू तो कुणीतरी नुकताच त्याला परत दिला होता.

धक्क्याला लागले तेव्हा ओहोटी होती. पाण्याबरोबर तरंगता धक्काही खाली गेला होता, आणि वर जायचा उतार शिडीसारखा उभा झाला होता. वेस्ली वरून धावत आला. "द्या इकडे, कप्तान, मी नेतो."

"का? तू धरलास?"

वेस्ली बाजूला झाला. एल्डनने मासा कल्ल्यांतून दोरी ओवून डाव्या खांद्यावर टाकला आणि चढू लागला. शेपटी त्याच्या गुडघ्यामागे आपटत होती. अर्ध्यावर त्याचा श्वास संपला. तो कठड्याला टेकून थांबला. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

दोन पावलं मागे असलेली सिग्ने तिथेच खाली वाकली. तिने आपल्या बुटाची नीट बांधलेली नाडी सोडली, पुन्हा सावकाश बांधली, मग दुसऱ्या बुटाची सोडली. वर पावलं वाजू लागली तेव्हाच ती उठली.