पांढऱ्या पट्टीची कंपनी

मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. एकोणीसशे तेवीस साली, महायुद्धात मी ज्यात लढलो त्या आमच्या सैन्यदलाचा इतिहास माझ्याच टेबलावर आला. लिहिणारे मेजर फॉन रीबेल. शांततेच्या काळातली संचलनं आणि राजाच्या भेटी, अशी साठ पानं मी मुकाट जुळवली. एकसष्टाव्या पानावर हात थांबला: 'नववी कंपनी हुकमाशिवाय पळाली.'

नववी कंपनी माझी. माझा धाकटा भाऊ ओस्विन त्याच कंपनीत मारला गेला, आणि पळताना नव्हे, उभ्या उभ्या.

युद्धाआधी दर वर्षी सुगीनंतर खोट्या लढाईचा सराव व्हायचा. दंडाला पांढरी पट्टी बांधलेल्या पंचाने हात वर केला की लढाई संपली. बंदूक जमिनीला टेकायची, उभं राहायचं, मग कॉफी. हे अंगात मुरलं होतं. चौदा सालच्या पहिल्याच खऱ्या लढाईत रीबेल टेकाडावर आले. सरावात ते पंच असायचे; घाईत त्यांनी तोच कोट चढवला होता, दंडावर पट्टी तशीच. पुढे चला म्हणून त्यांनी हात वर केला. आम्ही उठलो आणि बंदुका टेकल्या. समोरच्या मशीनगनला एवढं पुरे होतं.

"हे मी जुळवणार नाही," मी मालकांना सांगितलं.

"वेन्त्सेल, डोकं थंड ठेव. दुसरा कुणी जुळवेल. तू उपाशी मरशील."

"मरेन. पण भावाला पळपुटा म्हणून छापणार नाही."

नोकरी गेली. पुस्तक निघालं.

रविवारी दुपारी बिअरच्या हॉलमध्ये मेजर ते वाचून दाखवणार होते. कंपनीतले आम्ही अकराच उरलो होतो. आईने जुनी चादर फाडून अकरा दंडांवर पट्ट्या शिवल्या.

"घट्ट शिव गं."

"शिवणाचं मी बघते. तू सरळ उभा राहा म्हणजे झालं."

मेजर व्यासपीठावर आले. गलका थांबवायला त्यांनी सवयीने हात वर केला. आम्ही अकरा जण उठलो आणि काठ्या-कुबड्या जमिनीला टेकल्या.

"बसा. काय थट्टा लावलीय?"

"थट्टा कसली, मेजरसाहेब?" मी म्हणालो. "तुमचा हात वर झाला की आम्ही असेच उभे राहतो. तेव्हाही राहिलो होतो. आता एकसष्टावं पान आमच्या तोंडावर वाचा."

त्यांची नजर पट्ट्यांवरून फिरली. त्यांना आठवलं, हे मला स्पष्ट दिसलं.

"वाचा ना," मागून आई म्हणाली. "माझ्या ओस्विनचं नाव घेऊन वाचा."

मेजरनी पुस्तक मिटलं. ते दाराबाहेर जाईपर्यंत आमच्यातला एकही बसला नाही.