गाण्याआधीचा जयभीम

माझी आई, विमलाबाई, हिच्या एका गाण्यावर चाळीस वर्षांपूर्वी बंदी आली होती. त्या बंदीवर आता सिनेमा निघाला. दिग्दर्शकाने तो आधी आईला दाखवायचं ठरवलं आणि भंडाऱ्यात हॉल घेतला. लाखनीहून आम्ही दोघी एसटीने गेलो.

पडद्यावर आई झालेली नटी मुळात गोरी होती, तिला काळी रंगवली होती. तेवढं आईने चालवून घेतलं. पण गाण्याआधी नटीने हात जोडून ‘नमस्कार’ म्हटलं, तेव्हा आईने माझं मनगट घट्ट धरलं. जयभीम घातल्याशिवाय तिने आजवर सूर लावलेला नाही.

सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक तिच्या पाया पडायला वाकला.

"जयभीम काहून काढला, बाबू?" आईने विचारलं.

"आजी, सेन्सॉरने सिनेमा अडवला असता. म्हणून आम्हीच आधी काढून टाकला. बाकी सगळं तुमचंच आहे."

आई पदर सावरत उठली.

"गाणं बंद कराले फौजदार आला होता," ती म्हणाली. "पण माहा जयभीम होयेपर्यंत तोबी थांबला होता."