लग्नाच्या रगाचे दोन अर्धे

"तुझा भाग दोन बोटं लांब झालाय," गिर्झी माझ्या कानाशी पुटपुटली. "म्हणजे बायकोचे पाय झाकलेले आणि नवऱ्याचे उघडे."

"माझा लांब नाही, तुझा आखूड आहे," मी म्हटलं. "किती आवळून विणलायस! तुझा हातच तसला. भाकरीसुद्धा दगडासारखी थापतेस."

"गिळताना बरी कधी बोलली नाहीस."

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून रगाचे दोन भाग शेजारी शेजारी लावत होतो. शेटलंडला आमच्या बेटावर लग्नाचा पांघरायचा रग असाच व्हायचा. अर्धा मुलीच्या घरी, अर्धा मुलाच्या. आधी पट्टा विणायचा, मग त्याच्यात लोकरीच्या गाठी मारत लव काढायची, आणि दोन्हीकडच्या बायकांनी एकत्र बसून मधोमध शिवायचा. नवरीमुलगी ओस्ला, तिला आई नाही, म्हणून मुलीकडचा अर्धा मी केला, तिच्या मावशीनं. दुसरा अर्धा गिर्झीचा, कारण नवरामुलगा रास्मी तिचा लेक.

तो दक्षिणेकडे देवमासे मारणाऱ्या बोटीवर गेला होता. दोन मोसमांत पैसे जमवून येतो आणि लग्न करतो म्हणाला होता. त्याच्याबरोबर गेलेले बहुतेक केव्हाच परतले. एकाच्या घरी तर बारसंही जेवून झालं. शेवटी त्यांच्यातलाच टॅमी आला, या वसंतात. दुकानात त्याला कुणीतरी विचारलं, रास्मी कसा आहे? "बरा आहे, जाड झालाय," एवढं म्हणून तो टोपी तिथेच विसरून बाहेर पडला. खरं काय ते त्याच्या बायकोनं शेजारच्या सिनीला सांगितलं, सिनीनं मला. सिनीला कळलं म्हणजे बेटावरच्या मेंढ्यांनाही कळलं असं धरायचं. फक्त गिर्झीपुढे आणि ओस्लापुढे कुणी तोंड उघडलं नाही. मी तरी काय केलं? गाठी मारत राहिले.

आणि ओस्ला! हेरिंग माशांसाठी पिंपं बनवणाऱ्या चांगल्या, निर्व्यसनी माणसानं तिला मागणी घातली, तर म्हणाली, "माझा रग अर्धा झालाय." त्यानं कुणा दुसरीशी लग्न केलं. लग्नाला ही नाचून आली.

आज शिवायचं हे तिनंच ठरवलं होतं. म्हणाली, रास्मी आला की घाई नको.

चुलीत पीटच्या, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, ढेपा धुमसत होत्या. सिनी दाराजवळच्या उजेडात सुईत दोरा ओवत होती. ओस्ला चहा घेऊन आली.

"अजून भांडताय? दोघींनाच झोपवीन या रगाखाली."

"ही माझं पांघरूण ओढून घेईल," गिर्झी म्हणाली.

"मला एक सांगा," सिनी म्हणाली, "लव तर अंगाकडे करून पांघरायची. मग एवढे बदाम नि फुलं कशाला? बघणार कोण?"

"झोपणारे."

"अंधारात?"

"हातानं," ओस्ला म्हणाली.

सिनी फसकन हसली. मग आम्ही कुणीच हसत नाही असं तिच्या लक्षात आलं आणि तिनं पुन्हा सुईत डोकं घातलं.

ओस्ला वाकून रग बघत होती. माझ्या अर्ध्याच्या कोपऱ्यात तिच्या नावाचं अक्षर होतं. गिर्झीच्या अर्ध्यात त्याच जागी तळहाताएवढा तुकडा उघडाच. एकही गाठ नाही.

"काकू, त्याचं अक्षर राहिलं."

"लोकर नाही गं," गिर्झी म्हणाली. "तिथे त्याच्याच मेंढीची हवी, त्या तपकिरीची. ती आता म्हातारी झालीय. किनाऱ्यावर समुद्रगवत खात हिंडते, कुणाच्या हाताला लागत नाही."

"माझ्या लागते."

ती आतून तपकिरी लोकरीची एक गुंडी घेऊन आली. आमच्या मेंढ्यांना कात्री लावत नाहीत. उन्हाळ्यात लोकर आपोआप सैल होते, ती हातानं उपटायची. रास्मीच्या मेंढीची लोकर दर उन्हाळ्यात ही उपटत होती, कातत होती आणि आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता. चांगली मऊ, सारखी कातलेली.

गिर्झीनं गुंडी हातात घेतली आणि नुसतीच दाबत बसली.

"माझे डोळे आता काम देत नाहीत."

"मग सिनीकाकू करतील."

सिनीला एकदम किटलीची आठवण झाली. ती उठून चुलीकडे गेली, आणि किटली तर आमच्यासमोर होती.

"आण इकडे," मी म्हटलं. "मी मारते. चार गाठींचं तर काम." सुईत तपकिरी दोरा ओवला, वाकले, आणि पहिला टाका घालणार तोच गिर्झीनं त्या उघड्या जागेवर पंजा ठेवला.

"हात काढ, टोचेल," मी म्हटलं.

तिनं काढला नाही. ओस्ला तिच्यासमोर खाली बसली.

"काकू?"

"तो येणार नाही, बाळा," गिर्झी म्हणाली. "तिकडे त्याला बायको आहे, त्यानंच पत्रात लिहिलं. मुलगीही झालीय. तिला त्यानं माझं नाव ठेवलंय."