मातीची फारकत

"मार ना जोरात! इतकी वर्षं कारखान्यात काय नुसता फेस फुंकत होतास?"

धाकट्या बहिणीच्या टोमण्यावर फेसदादांनी कुदळ पुन्हा उचलली. लिंबोणीच्या आळ्यात ती टणकन आपटली आणि उसळली. शेजारच्या आळ्यात मात्र कालचं पाणी अजून तसंच साचलेलं. ओली असेल तिथे राड आणि वाळली की फरशी, अशी मातीची गत. झाडांची पानं पिवळी पडून कडांनी करपली होती.

"बाग वाचणार की नाही, ते एकदाचं सांग, दादा. मग रडायचं की नाही ते मी बघते."

फेसदादा हे नाव तांब्याच्या खाणीवरच्या कारखान्यातल्या लोकांनी दिलेलं. दळलेलं तांब्याचं खनिज पाण्यात कालवून टाकीत हवा सोडली की फेस येतो आणि तांब्याचे कण त्याला चिकटून वर येतात. तो फेस तळहातावर घेऊन दादा उजेडाकडे धरत आणि सांगत, "सोडा वाढवा" किंवा "सिलिकेट जरा जास्त सोडा." माती खनिजाला लगटून बसली तर तांबं नीट वर येत नाही. सोडियम सिलिकेट पडलं की मातीचे कण खनिजालाही सोडतात आणि एकमेकांनाही. हे तंत्र दादांच्या हाताला असं बसलं होतं की ते निवृत्त झाल्यावरही कारखान्यातून विचारायला फोन येत.

निवृत्तीच्या वर्षी विहिरी आटल्या. कारखान्यातलं वापरलेलं पाणी तळ्यात साठून छान नितळ होई. दादांनी खटपट करून ते पाइपने बहिणीच्या बागेपर्यंत आणलं. आधी तपासूनही घेतलं. तांबं नाही, शिसं नाही, जस्त नाही. सगळी खाणीतली माणसं, त्यांच्या लेखी धातू नाही म्हणजे पाणी चोख! सोडियम हाही धातूच, पण रोजच्या सोड्यातल्या वस्तूला तिथे धातूंच्या पंगतीत कोण बसवणार? पुढे विहिरींना पाणी आलं, तरी कौतुकाचा पाइप चालूच राहिला. आता 'फेसदादा म्हणाले म्हणजे झालं' म्हणत शेजाऱ्यांनीही पाइप टाकायला चर खणले होते.

दादांनी बागेतलं एक ढेकूळ घरात आणून काचेच्या पेल्यात विहिरीच्या पाण्यात सोडलं. ढवळलं नाही, हलवलं नाही. तरी ढेकळाभोवती दुधासारखं वलय उठलं आणि पसरत गेलं. जेवणं झाली, भांडी घासून झाली, पण पाणी निवळेना. दादा पेल्याकडे बघत राहिले. टाकीत अशीच सुटी झालेली माती दिसली की ते खूश होत.

"हे माझंच काम आहे गं," ते म्हणाले.

"कसलं काम?"

"मातीचे कण कॅल्शियमने एकत्र धरून ठेवलेले असतात. माझ्या पाण्यातल्या सोडियमने त्याला हुसकावलं आणि कणाकणांची फारकत झाली. सुटे कण मातीच्या भोकांत जाऊन बसले. आता पाणी आत जाणार कुठून आणि मुळं श्वास घेणार कशी?"

"म्हणजे कारखान्यात ज्याबद्दल शाबासकी मिळवलीस, तेच माझ्या बागेत केलंस?"

"हो."

बहिणीने पेला उचलला आणि मोरीत रिकामा केला. "तुझा हातगुणच मोठा, दादा," म्हणून ती आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही.

मुळांना कीड लागली असं दादांनी सांगितलं असतं, तरी खपून गेलं असतं. पण सकाळी ते शेजाऱ्यांच्या दारोदार गेले. "चर बुजवा. माझं चुकलं," एवढंच सांगत.

"अहो, पण बोभाटा कशाला?" एक शेजारी कळवळून म्हणाला. "गपचूप बंद करायचं पाणी. एवढं नाव आहे तुमचं!"

"नाव घेऊन तुमच्या शेतात काय पेरू?" दादा म्हणाले आणि पुढच्या घराकडे वळले.

शेवटी ते कारखान्यात गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि तपासणीत सोडियम घालायचं तिथल्या तिथे ठरवलं. परतताना दादांनी आपणच बसवलेला पाइप सांध्यासांध्याने सोडवत आणला.

मग सुरू झालं मातीचं काम. आळ्यांत जिप्सम मिसळायचं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून उठवतं. मग विहिरीच्या पाण्याने माती धुवायची आणि ते पाणी बाहेर जायला चर काढायचे. एका हंगामात भागणारं काम नव्हतं ते. दादांचे गुडघे बोलू लागले, बहीण मात्र बोलेना. चहाचा कप बांधावर ठेवायची आणि निघून जायची. वरच्या ओळींना हळूहळू पालवी आली. खालच्या ओळी, जिथे पाणी सर्वांत जास्त मुरवत ठेवलं होतं, त्या गेल्या.

एका सकाळी दादा त्या वाळलेल्या ओळीत दोन मुठींची मोठी करवत घेऊन बसले. एकट्याने रेटली की पातं वाकायचं आणि खोडात अडकायचं. त्यांनी घाम पुसला, पुन्हा रेटली, पुन्हा अडकली.

बहीण बांधावरून खाली आली. बाह्या वर सारून समोर बसली आणि तिने दुसरी मूठ धरली.

"रेटू नकोस," ती म्हणाली. "मी ओढते तेव्हा नुसती सैल सोड."

दादांनी हात सैल केला. पातं तिच्याकडे गेलं, मग त्यांच्याकडे आलं. दोघांच्या पायांवर भुसा पडू लागला आणि त्या वाळक्या लाकडातून लिंबाचा पुसटसा वास आला.